चार गल्ल्या, एक रकाना

पुसदच्या कडेला एक कॉलनी आहे. तिथं बहुतेक घरांत मराठी नाही, गोरबोली बोलली जाते. तिथली माणसं किती, कमावतात किती, राहतात कुठं? साधे प्रश्न आहेत. उत्तरं मात्र एकाही सरकारी तक्त्यात मिळत नाहीत!

वाकडच्या पुलाखाली ट्रॅव्हल्सची वाट बघत उभं राहणं, हा पुण्यातल्या प्रत्येक वैदर्भीय पोरापोरीचा दिवाळीतला पहिला कार्यक्रम. फराळ वगैरे नंतर. तिकीट एरवीच्या दुपटीच्या पुढे गेलेलं, बस दीड तास लेट, आणि आपल्या पायाशी दोन सॅक, एक लॅपटॉप बॅग आणि चितळेंच्या बाकरवडीचे चार पुडे.

गेल्या दिवाळीत मी यवतमाळला घरी जायच्या आधी रूममेटसोबत पुसदला उतरायचं ठरवलं. ती हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. आम्ही दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय. बस येईपर्यंत तिला घरून फोन आला. शेजारी तिच्या ऑफिसमधले दोघं उभे होते. ती म्हणाली, "हो आई, बसतेच आहे. जेवले." बस सुटली, लाइट बंद झाले आणि तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी पहिला शब्द होता, "याडी..." आणि पुढची दहा मिनिटं मला एक अक्षर कळलं नाही.

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मी यवतमाळची. शाळेत माझ्या वर्गात राठोड, चव्हाण, जाधव, पवार, आडे अशा आडनावांची अर्धी हजेरी असायची. त्यातल्या कितीजणांच्या घरी वेगळी भाषा बोलतात हे मला कधी कळलंच नाही. कळलं नाही, कारण त्यांनी कधी कळू दिलं नाही. आणि आम्ही विचारलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात मराठीनंतर सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा हीच आहे. बंजारा समाजाची गोरबोली.

लदेणी ते कॉलनी

आधी थोडा फ्लॅशबॅक. बंजारा म्हणजे एके काळची या देशाची ट्रान्सपोर्ट कंपनी. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचं, याला लदेणी म्हणत. मुघलांच्या फौजांना धान्य त्यांनी पुरवलं, पुढे इंग्रजांच्या फौजांनाही. मग रेल्वे आली. १८६७ मध्ये रूळ नागपूरपर्यंत पोचले आणि बैलांचा धंदा बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि फिरत्या समाजांकडे संशयानं बघणं सरकारी धोरणच होऊन बसलं. तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले. कुणी जमीन कसली, बहुतेकांनी दुसऱ्याची कसली.

१९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. म्हणून 'विमुक्त'. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. या यादीला राज्यात ३ टक्के आरक्षण आहे आणि त्यात इतरही अनेक जाती आहेत.

पुसदची गोष्ट मात्र थोडी वेगळी. पुसदजवळच्या गहुली गावात १ जुलै १९१३ ला वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ अशी सव्वाअकरा वर्षं ते मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर त्याच घरातले सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री झाले. एका तालुक्यानं दोन मुख्यमंत्री दिले! आश्रमशाळा आल्या, कॉलेजं आली, १९८३ मध्ये पुसदला इंजिनीअरिंग कॉलेज आलं. तांड्यातली पहिली पिढी शिकली, मास्तर झाली, पोलिसात लागली, एसटीत कंडक्टर झाली. आणि नोकरी लागली की तांडा सोडून पुसदच्या कडेला प्लॉट घ्यायची पद्धत पडली.

तर ही ती कॉलनी. नाव मुद्दाम देत नाही. अशा कॉलन्या पुसदला आहेत, दिग्रसला आहेत, यवतमाळलाही आहेत. तुमच्या ऑफिसमधला एखादा राठोड कदाचित अशाच एखाद्या कॉलनीतला असेल.

गल्ली नंबर एक : पेन्शन

माझ्या रूममेटचं घर पहिल्या गल्लीत. तिचे बाबा जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले मास्तर. सगळी कॉलनी त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही गुरुजीच म्हणते. सकाळी सात वाजता बस थांब्यावर घ्यायला आले तेव्हा डोक्याला मफलर, हातात टॉर्च. "पोरी, थंडी वाजून राह्यली का? चाल, घरी चहा ठेवलाय."

चहा पिऊन गुरुजींनी मला कॉलनी दाखवली. मी वही काढली. ते म्हणाले, "लिहू नको, आधी बघ. घराकडं बघितलं की मालकाची नोकरी कळते."

आणि खरंच कळते. पहिल्या गल्लीत स्लॅबची जुनी, बैठी, ऐसपैस घरं. पुढे तुळस आणि कडुनिंब, मागे बोअर. इथली माणसं १९८० आणि ९० च्या दशकांत नोकरीला लागली. घरटी एक पगार होता, पण तो पर्मनंट होता. आज घरटी एक पेन्शन आहे. सातवा वेतन आयोग राज्यात २०१९ मध्ये लागू झाला, तेव्हा तीही वाढली. बँकेतले लोक या गल्लीतल्या माणसाला खुर्ची देतात.

पण या गल्लीत पोरं दिसत नाहीत. दिवाळीचे चार दिवस सोडले तर इथं फक्त साठीच्या पुढची जोडपी राहतात. गुरुजी पाच भावंडं. त्यांना मुलं दोन. एक हिंजवडीला, एक नवी मुंबईला. नातू एक, तोही पनवेलच्या इंग्लिश मीडियममध्ये. आणि त्या नातवाला गोरबोलीतलं एक वाक्य येत नाही.

गल्ली नंबर दोन : एक तारीख

दुसरी गल्ली पहिलीला चिकटूनच. घरं नवी, टाइल्स चकाचक, दारात बाइक. मग फरक काय? फरक एका तारखेचा.

१ नोव्हेंबर २००५. या दिवशी किंवा त्यानंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू राहिली नाही. त्यांच्या पगारातून पैसे कापून एक फंड तयार होऊ लागला. शिक्षकांच्या भाषेत डीसीपीएस. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला, तो याच तारखेवरून. त्यातही २००० पासून शिक्षणसेवक योजना आलेली. म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, तेही सुरुवातीला महिना तीन हजार रुपये.

म्हणजे बघा, दोन शेजारी. शिक्षण सारखं, शाळा सारखी, काम सारखं. पण एक २००४ मध्ये लागला आणि एक २००६ मध्ये. एकाचं म्हातारपण सरकारकडे, दुसऱ्याचं मार्केटकडे! या गल्लीत घराचा हप्ता, पोरांच्या ट्यूशनची फी आणि गाडीचा हप्ता असे तिन्ही चालू असतात. आपल्यासारखंच, नाही का?

गल्ली नंबर तीन : वरचा मजला

तिसऱ्या गल्लीत जुन्या खालच्या मजल्यावर नवा वरचा मजला चढलेला दिसतो. वरचा रंग वेगळा, बाल्कनीला स्टीलची रेलिंग. गुरुजी हसून म्हणाले, "खालचा मजला बापाचा, वरचा पुण्याचा."

ही डी.एड. वाल्यांची गल्ली. २००० नंतर राज्यात डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं. तांड्यातल्या घरांनी मास्तरांचा पगार बघितला होता. शेत विकून, कर्ज काढून पोरांना डी.एड. केलं. आणि २०१२ पासून शिक्षकभरती जवळजवळ थांबली. हातात डिग्री, समोर दार बंद. मग कुणी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, कुणी मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलंय, कुणी बँकेचा बीसी पॉइंट चालवतो. उरलेले पुण्याला गेले, तुमच्या-माझ्यासारखे. सिक्युरिटी सुपरवायझर, डिलिव्हरी, कॉल सेंटर, काही आयटी.

या गल्लीत पैसा येतो. पण तो दर महिन्याला फोनवर टिंग करून येतो. माणूस येत नाही.

गल्ली नंबर चार : कुलूप

चौथी गल्ली म्हणजे खरं तर गल्ली नाही. डांबरी रस्ता संपतो, तिथून पुढे पत्र्याची घरं. गेल्या काही वर्षांत आसपासच्या तांड्यांतून आलेली कुटुंबं. पाऊसकाळात ती गावच्या कोरडवाहू शेतात नाहीतर पुसदच्या बांधकामांवर असतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला.

ऊसतोडीचं अर्थकारण वेगळंच आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम सीझनआधी उचल देतो. म्हणजे पगार आधी, काम नंतर, आणि काम कमी पडलं तर कर्ज पुढच्या वर्षावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टनाला साडेतीनशेच्या पुढे भाव गेला. जोडप्यानं दिवसाला दोन टन तोडला तर सातशेच्या आसपास. दोघांचे मिळून. पहाटे सुरू करून, आजारपणाची सुट्टी न घेता. कोयत्याचा खाडा झाला की मुकादम त्याचेही पैसे कापतो.

एका ओसरीवर एक मावशी पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होत्या. भाऊबीज झाली की गाडी येणार होती. मी विचारलं, "मावशी, पोरं?" त्यांनी मोठीकडे बोट केलं. वय असेल बारा-तेरा. "हे राहते आजीपाशी. शाळा हाय तिची. लहाना येते संगं." मग स्वतःहून म्हणाल्या, "पंधराशे येतात ना आता बँकेत, लाडक्या बहिणीचे. ते मी आजीच्या हाती ठेवतो. पोरीच्या वह्या होतात."

जुलै २०२४ पासून सुरू झालेले ते पंधराशे रुपये. आपल्या एका वीकेंडच्या बिलाएवढे. या घरातली ती पहिली रक्कम, जी मुकादमाच्या वहीत न जाता बाईच्या नावावर येते.

आणि एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या गल्लीत नातवाला गोरबोली येत नाही. चौथ्या गल्लीतल्या पोराला शाळेत जाईपर्यंत दुसरी भाषाच येत नाही. जसजसा पगार वाढत गेला, तसतशी भाषा कमी होत गेली. कुणी सक्ती केली नाही. फक्त प्रत्येक आईबापाला वाटलं, पोराला वर्गात कुणी हसू नये.

चौकट : जिल्हा, आकड्यांत

• यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या : २००१ मध्ये २४,५८,२७१. २०११ मध्ये २७,७२,३४८.

• वाढीचा वेग : १९९१ ते २००१ या दशकात १८ टक्क्यांच्या वर. पुढच्या दशकात १२.८ टक्के. त्याच दशकात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं.

• साक्षरता : २००१ मध्ये ७३.६ टक्के, २०११ मध्ये ८२.८ टक्के.

• शहरात राहणारे : २०११ मध्ये जिल्ह्यात २१.६ टक्के, राज्यात ४५.२ टक्के.

• यवतमाळ शहर : २००१ मध्ये १,२०,६७६. २०११ मध्ये १,१६,५५१. हो, कमी झालं!

शहर आटलं की आकडा चुकला?

चौकटीतला शेवटचा आकडा परत वाचा. ज्या दशकात देशातली शहरं फुगत होती, त्या दशकात यवतमाळ शहर चार हजारांनी कमी झालं. मला आठवतंय, तेव्हा आमच्याकडे रोज नवीन ले-आउट पडत होते. मग माणसं गेली कुठं?

कुठंच नाही. ती लोहारा, वडगाव, उमरसरा अशा शेजारच्या गावांत प्लॉट घेऊन राहिली. तिथं ग्रामपंचायत होती, त्यामुळे नगरपालिकेच्या आकड्यात ती धरली गेली नाहीत. नंतर हद्दवाढ झाली आणि ही गावं शहरात आली. म्हणजे माणसं तीच, घरं तीच. फक्त रेघ हलली.

दुसऱ्या आकड्याचं मात्र तसं नाही. जिल्हा राज्यापेक्षा हळू वाढतोय. घरटी मुलं कमी झाली हे एक कारण, आणि शिकलेली पोरं बाहेर गेली हे दुसरं. तुम्ही हा लेख पुण्यात किंवा मुंबईत बसून वाचत असाल आणि मूळचे आमच्याकडचे असाल, तर तो हळू वेग म्हणजे तुम्हीच!

आता उत्पन्नाचं. आपल्या जनगणनेत कमाईचा प्रश्नच नसतो. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत तो होता. घरात सगळ्यात जास्त कमावणाऱ्याची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत, पाच ते दहा हजार, की दहाच्या वर? देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे ७५ टक्के घरं पाच हजारांच्या आत निघाली. पण त्याच गणनेतली जातींची माहिती कधी प्रसिद्ध झाली नाही. म्हणजे पुसदच्या कॉलनीतल्या चार गल्ल्या कुणी एकत्र मांडून बघितल्याच नाहीत.

शिकागोतला पिल्सन

अमेरिकेत हे वेगळं आहे. तिथं १९८० पासून प्रत्येक घराला जनगणनेत विचारतात, तुम्ही हिस्पॅनिक आहात का? म्हणजे मूळ मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातलं. दरवर्षी एक वेगळी पाहणीही होते, तिच्यात उत्पन्न विचारतात. त्यामुळे एखाद्या मोहल्ल्यात किती हिस्पॅनिक आहेत, त्यांचं घरटी उत्पन्न किती, हे कुणीही बघू शकतो.

पण आकडा असला म्हणून गोष्ट कळतेच असं नाही. शिकागोत पिल्सन नावाचा भाग आहे. एके काळी तिथं चेक लोक राहायचे, नंतर तो मेक्सिकन लोकांचा झाला. २००० नंतर तिथलं सरासरी उत्पन्न वाढलं. वा, प्रगती! पण नीट बघितलं तर हजारो मेक्सिकन कुटुंबं भाडं परवडेना म्हणून निघून गेली होती आणि चांगल्या पगाराची नवी माणसं राहायला आली होती. सरासरी वाढली, कारण माणसं बदलली.

आमच्या कॉलनीत याच्या उलटं होतं. जास्त कमावणारं पोरगं पुण्याला जातं आणि पुण्याच्या आकड्यात जमा होतं. मागे पेन्शनवाले आणि पत्र्याची घरं उरतात. कागदावर कॉलनी म्हातारी आणि गरीब दिसते. तिकडे वरचे मजले मात्र चढतच असतात!

आणखी एक साम्य. अमेरिकेत तिसऱ्या पिढीपर्यंत बहुतेक हिस्पॅनिक घरांत स्पॅनिश मागे पडते. पनवेलचा तो नातू आठवला?

पैनगंगेच्या अल्याड-पल्याड

गुरुजींच्या घरी दुपारी जेवायला त्यांची एक नातेवाईक सून आली होती. माहेर आदिलाबाद जिल्ह्यातलं. म्हणजे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. भाषा तीच, देव तेच, लग्नातली गाणी तीच. पण तिथं बंजारा म्हणजे लंबाडा समाज १९७६ पासून अनुसूचित जमातीत आहे. इथं विमुक्त जातीत. कर्नाटकात गेलात तर अनुसूचित जातीत. एक समाज, तीन राज्यं, तीन रकाने.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात बंजारा समाजाचे मोठे मोर्चे निघाले, आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या म्हणून. त्याला आदिवासी संघटनांनी विरोध केला, त्यांचेही मोर्चे निघाले. यवतमाळ जिल्ह्यात सुमारे साडेअठरा टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. गोंड, कोलाम, परधान, आंध. त्यांची भीती खोटी नाही. ताटातला वाटा कमी होईल हे कुणाला आवडेल? आणि आपल्या तांड्यात काय परिस्थिती आहे हे सांगायला बंजारा समाजाकडे मोर्च्याशिवाय दुसरं काय आहे? आकडे तर नाहीतच. दोन्हीकडचे लोक अंदाजावर भांडतायत.

मातृभाषेचा रकाना

भाषेचे आकडे मात्र निघतात, आणि तिथं खरी गंमत आहे. २०११ च्या जनगणनेत देशभर 'लमाणी/लंबाडी' अशी मातृभाषा सांगणारे सुमारे ३३ लाख लोक निघाले. 'बंजारी' सांगणारे वेगळे, १५ लाखांहून जास्त. एकच भाषा, दोन नावं, दोन ओळी. आणि या दोन्ही ओळी कुठल्या मुख्य भाषेखाली? हिंदी! आमच्याच जिल्ह्यातली कोलामी, जिचे देशात सव्वा लाखाच्या आसपास भाषक आहेत, ती जनगणनेत स्वतंत्र भाषा आहे. अर्ध्या कोटीच्या जवळ जाणारी गोरबोली मात्र हिंदीच्या पोटात.

आणि ज्यांनी 'मराठी' सांगितलं, त्यांचं काय? हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. रात्रीचं जेवण झालं होतं. बाहेर कॉलनीतल्या मुली हातात दिवे घेऊन घरोघर 'मेरा' मागत फिरत होत्या. दिवाळीच्या अमावास्येची ही बंजारा पोरींची रीत. पूर्वी तीस-चाळीस मुली असायच्या म्हणे. मी मोजल्या. सात होत्या. त्यातल्या पाच चौथ्या गल्लीतल्या.

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "२०११ ले मीच होतो ना प्रगणक."

जनगणनेचं काम बहुतेक ठिकाणी शिक्षकच करतात. गुरुजींना शेजारचा एक तांडा दिला होता. नियम सोपा. समोरचा सांगेल ती मातृभाषा लिहायची. पहिल्याच घरात म्हातारीनं गोरबोलीत चहा विचारला, आणि मातृभाषा विचारली तर तिचा मुलगा म्हणाला, मराठी लिहा गुरुजी, पोरांच्या शाळेले बरं पडंल.

"मी लिहिलं. तो म्हणाला म्हणून लिहिलं. दुसऱ्या घरी तेच. मग तिसऱ्या घरापासून मी विचारणंच सोडलं. वेळ कमी होता, फॉर्म लय होते. सगळीकडं मराठी टाकत गेलो." ते थांबले. "अन् अर्ध्या घरांले कुलूप होतं."

कुलूप! तेव्हा मला चौथ्या गल्लीतली ती पत्र्याची पेटी आठवली. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन सीझन. जो माणूस मोजणीचा सगळा काळ घराबाहेर आहे, त्याला तो सापडेल तिथं मोजायचं असा नियम आहे. म्हणजे पुसदच्या तांड्यातलं जोडपं मोजलं गेलंच, तर फडावरच्या कोपीत, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथं त्यांची मातृभाषा कुणी विचारली असेल?

पुढची जनगणना २०२७ ची. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख असल्याचं केंद्र सरकारनं जून २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत. या वेळी जातही नोंदवली जाणार आहे, १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची. शिवाय फॉर्म स्वतः ऑनलाइन भरण्याची सोय असेल, असंही जाहीर झालंय. घरटी उत्पन्नाची देशव्यापी पाहणी करायचंही २०२५ मध्येच ठरलं.

म्हणजे ज्या प्रश्नांची उत्तरं इतकी वर्षं कुणाकडे नव्हती, ते प्रश्न आता विचारले जाणार आहेत. पण उत्तर काय द्यायचं, हे ज्याच्या त्याच्या हातात आहे. आणि कुलूप असलेल्या दारातून उत्तर कोण देणार, हा प्रश्न आहेच.

रूममेट दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या घराचं पण मराठीच लागलं असेल?"

"आपल्या घरी दुसरे गुरुजी आले होते. मराठे. त्यांनी विचारलं बी नाही, सरळ लिहिलं. मी बसलो होतो समोर," गुरुजी म्हणाले. "बोललो नाही. एवढ्या शाळेत मी कधी आपली भाषा बोललो नाही. ते काय वेगळं?"

कुणीच काही बोललं नाही. बाहेरच्या मुली आमच्या दाराशी आल्या. तिच्या आईनं दिव्यात तेल घातलं आणि पोरींच्या हातावर पैसे ठेवले. रूममेटला गाणं अर्धंच येत होतं. तिनं अर्धंच म्हटलं.

परतीच्या बसमध्ये चौथ्या गल्लीतल्या त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा विषय निघाला. आई-वडील फडावर, घरी ती आणि आजी. फेब्रुवारीत मोजायला कुणी आलं तर दारात तीच असणार. रूममेट म्हणाली, "बाबांना सांगितलंय, तिला शिकवून ठेवा. कोण कोण राहतं, कुठं गेलंय, कधी येणार, घरात काय बोलतो. सगळं सांगता आलं पाहिजे तिला. आणि त्या दिवशी बाबा स्वतः तिच्या ओट्यावर जाऊन बसणार आहेत."

"आणि तू? तुझा फॉर्म तर पुण्यात भरला जाणार," मी म्हटलं.

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. सकाळी वाकडला उतरलो. कॅबची वाट बघत होतो, तेवढ्यात तिच्या ऑफिसमधला एकजण भेटला, तोही कुठल्याशा ट्रॅव्हल्समधून उतरलेला. तिघंही झोपाळलेले. तिचा फोन वाजला. घरून होता, पोचलीस का म्हणून. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हां याडी," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं तिच्या भाषेत बोलली. मला या वेळीही एक अक्षर कळलं नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाला कळलं. कारण फोन ठेवल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कोणता तांडा?"

दोन वर्षं ते दोघं एकाच फ्लोअरवर बसतात.